अर्धा फेरा

सलग तिसऱ्या टार्गेटवर शर्वरीच्या एअर रायफलचे छर्रे विखुरले, तशी अप्पांनी सवयीने स्क्रू फिरवायची अ‍ॅलन की उचलली. "जोर कमी पडतोय. स्प्रिंग अजून आवळतो."

"दरवेळी तुम्ही आवळता अप्पा, आणि दरवेळी रायफल जास्तच हादरते." शर्वरीने पहिल्यांदाच वडिलांच्या हातातून की घेतली आणि स्प्रिंगचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. निवड चाचणी परवावर आली होती. अप्पा तोंड फिरवून उभे राहिले.

तिने एक छर्रा सोडून पाहिला; वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा उतरला. शर्वरीने श्वास रोखून नव्या टार्गेटवर पाच छर्रे सोडले.

अप्पा स्वतः जाऊन कागद घेऊन आले. पाचांचं मिळून एकच भोक होतं. ते त्यांनी करंगळीने चाचपलं.

मग खिशातून कीची रिकामी पिशवी काढून त्यांनी तिच्यासमोर ठेवली. "ही पण आता तुझ्याकडेच राहू दे."