मालकावरचा अर्ज

सावळारामनं पेन थांबवलं. "आन मालक काय म्हणाला व्हता? जाळी बसवतो म्हणून?"

"म्हणला व्हता की. दोनदा."

"मग तसंच लिवतो. दोनदा म्हणाला, बसवली न्हाई."

"आरं, येवढं टोचून कशाला लिवतोस?" वजीर कळवळला. त्याचा उजवा हात अजून पट्टीत होता. पशुखाद्याच्या कारखान्यात मका भरडायच्या मशीनचा पट्टा जाळीविना उघडाच होता आणि दोन महिन्यांपूर्वी त्यानं वजीरची दोन बोटं मुळापासून नेली होती. "मालक तसा भला माणूस हाय राव."

"भला असता तर बोटं जाग्यावर असती," सावळाराम म्हणाला आणि पुढं लिहायला लागला.

आता ह्या वजीरला काय म्हणावं! अठरा वर्षं एका मशीनवर काढली, बोटं गेली, तरी जीव मालकासाठीच तुटतोय. देवमाणूस म्हणावं की खुळा? येडगावातले लोक दोन्ही म्हणत.

सावळाराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून गुरुजींच्या चिंचा पाडल्या आणि मारही मिळूनच खाल्ला. पुढं सावळाराम चार बुकं जास्त शिकला. अर्ज कसा करावा, साहेबापुढं कसं उभं राहावं, हे गावातलं कुणीही त्यालाच विचारायला जाई.

गेले पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी वजीरच्या ओट्यावर येऊन शिकवणी घेत होता. कामावर लागलं तर भरपाई हा हक्क असतो, कुणाचे उपकार नसतात. अपंगत्वाचा दाखला सरकारी दवाखान्यातून काढायचा. पगाराचा पुरावा जोडायचा. हजेरीच्या वहीच्या झेरॉक्स तर त्यानं आणूनही ठेवल्या होत्या.

"कारखान्याचा विमा हाय. कागद मी ह्या डोळ्यांनी बघितलाय," तो सांगे. "पण लेका, विमा कंपनी काय आपणहून घरी येऊन पैसे देत न्हाई. मालकावर दावा लावला, कोर्टानं हुकूम केला, की मगच ती हलती."

आणि वजीरला हवं होतं तरी किती? बेल्ह्याच्या बाजारातून दोन दुभत्या म्हशी. मशीनचं काम आता त्याला होणार नव्हतं. धार काढायला बायको, कमरजहाँ, होती. भरपाई पुरती मिळाली तर घर सावरणार होतं, नाहीतर पन्नाशीत दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची पाळी होती.

अर्ज दाखल झाला आणि आठवड्यातच कारखान्याचा मॅनेजर गोरख एक टाइप केलेला कागद आणि पाकीट घेऊन आला.

"वजीरभाई, वीस हजार हायेत. घरी पडून लागलं, येवढ्यावर सही कर. मालकाला कोर्टाची पायरी कशाला चढायला लावतोस?"

झालं, वजीर विरघळला. डाव्या हातात पेन धरून बसलाही. तेवढ्यात सावळाराम आला. गोरख चटकन उठून उभा राहिला. सावळारामनं कागद वाचला आणि तिथंच त्याचे तुकडे केले.

"पाकीट उचल गोरख. परत ह्या दारात दिसलास तर बघ!"

गोरखचं तोंड एवढंसं झालं. तो खाली मान घालून गेला आणि पुन्हा काही फिरकला नाही.

कमरजहाँनं चहा आणला. "भाऊ, मालकाच्या घरून रोज डबा येतो," ती म्हणाली. "आन कोर्टात त्यांच्यावरच बोट दाखवायचं म्हंजी लाज वाटती वो."

"डबा येगळा भाभी, हक्क येगळा. डबा देऊन हक्काचं देणं फिटत न्हाई."

"पण तुमाला ह्यातून काय मिळणार?"

"रातची झोप," सावळाराम म्हणाला आणि त्यानं चहा बशीत ओतला.

तारखेच्या दिवशी दोघं नारायणगावातून एसटीनं निघाले. पुण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून सावळारामनं आपली गाडी घरीच ठेवली होती. मंचरला बस थांबली तेव्हा दोघांनी गरम भजी घेतली आणि खाता खाता पुन्हा शिकवणी सुरू झाली.

"साहेब इचारतील, मशीन कुणाचं. काय सांगशील?"

"मालकाचं."

"नाव घ्यायचं. पुरं नाव."

"जीभ न्हाई रेटायची रं."

"रेटायची! आन माझ्याकडं बघत बसू नको. साहेबाकडं बघ."

वजीरला काय वाटलं कोण जाणे, त्याला फस्सकन हसू आलं. मग सावळारामलाही आवरेना. दोघं इतके हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. असा दोस्त मिळायला नशीब लागतं, असं वजीरला मनापासून वाटलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

कोर्टात दोघं एकाच बाकावर बसले. पुकारा झाला, वजीर उठून पुढं गेला. विमा कंपनीच्या वकिलांनी मात्र सुरुवातीलाच मोडता घातला. हा माणूस कारखान्याचा कामगारच नाही, नुसत्या झेरॉक्सवर काय विश्वास ठेवायचा, बोटं घरच्या कडबाकुट्टीत गेली असतील, असं ते म्हणाले.

वजीर साहेबांकडं बघायचं सोडून मागं सावळारामकडंच बघायला लागला. पंधरा दिवसांची सगळी शिकवणी धुऊन गेली. म्हशी गेल्याच आता, असं त्याला वाटलं.

साहेबांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून समोर पाहिलं. "सामनेवाला क्रमांक एक, कारखान्याचे मालक. हजर आहेत का?"

सावळाराम बाकावरून उठला, वजीरला ओलांडून पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "हजर हाय साहेब. मीच मालक. वजीर अठरा वर्षं माझ्याच मशीनवर व्हता, आन अर्जात लिवलंय ते समदं खरं हाय."