तोंडी हुकूम

चर्चमधले नवे उपदेशक गोड बोलायचे आणि हिशेबाला पक्के होते: प्रार्थनेने बरे झालेल्यांची नावं त्यांना तोंडपाठ, दगावलेल्यांचं एकही आठवत नसे. पहिल्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. धाकटीची हृदयाच्या गोळ्यांची बाटली तिच्याकडून घेऊन उपदेशकांनी उंच धरली. "प्रभूने मला सांगितलंय, या फेकून द्या. विश्वास असेल तर तोच सांभाळेल." धाकटीने मान डोलावली. थोरली मात्र उठली. "मी चाळीस वर्षं नर्स होते, भाऊ. तोंडी हुकमावर कुणाचं औषध बंद केलं नाही. लेखी दाखवा." तिने आपलं बायबल पुढे केलं. "सिस्टर, तुमचा विश्वास कमी पडतोय." "मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील, असं प्रभू येशूला कोण म्हणालं होतं?" थोरलीने विचारलं. "सैतान," मागून कुणीतरी पुटपुटलं. थोरलीने बाटली हिसकावली, उपदेशकांचाच पाण्याचा पेला उचलला आणि धाकटीला म्हणाली, "आ कर."