कुणीही ओ द्यायची नाही

माझा नवरा परदेशी सिनेमांना मराठी आवाज देतो. या वेळचा नायक अंतराळयानात वर्षानुवर्षं एकटा राहून स्वतःलाच विसरलेला. त्याचं एकच वाक्य अडलं होतं, "मी कोण आहे?" दिग्दर्शक खडूस. म्हणाला, "आवाजात एकटेपणा येत नाहीये. उद्या जमलं नाही तर दुसरा आवाज बघतो."

आमच्या घरात एकटेपणाचा सराव करणार कसा? बेडरूममधून "मी कोण आहे?" आलं, की सासूबाई ओरडायच्या, "माझं शेंडेफळ!" नणंद म्हणायची, "आयतोबा!" लेक खिदळायची, "माझे बाबा!"

शेवटी मी सगळ्यांना दम भरला, आता कुणीही ओ द्यायची नाही. बिचाऱ्याने विचारलं. घर चिडीचूप. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज असा कापला, की सासूबाईंनी उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मीही गेले. तो माइकसमोर अगदी तस्साच बोलला.



आणि काचेपलीकडच्या खडूस दिग्दर्शकाने आतल्याशी बोलायचं बटण दाबून, चालू रेकॉर्डिंगमध्येच हुंदका दिला, "अरे राजा, असं काय विचारतोस? आम्ही आहोत ना!"