जेवायचा हात

ब्रेक असा करकचून लागला की मागच्या सीटखालची पत्र्याची पेटी घसरत थेट कंडक्टरच्या पायाशी आली. ड्रायव्हर धम्मानंदने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. एसटीच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती. एक हात ओढणीत गुरफटलेला, दुसऱ्या हातात नातीचं बोट, आणि नजर भलतीकडेच.

वारंगा फाट्यावर आठवड्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं. धम्मानंद खाली उतरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या चाकाखाली साधं कोंबडं आलं नव्हतं.

"मावशी, काहून जीव द्यायला निघाल्या? या लेकराचा तरी इचार करा."

"शाळा तिकडं हाय, बाबा, अन् तांडा इकडं. करू काय?"

म्हातारीचं नाव अनुसयाबाई. पहिलीतली दिपा तिची नात. पोरीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून रोजची नेआण आजीच्या गळ्यात.

"आधी उजवीकडं बघायचं," धम्मानंद म्हणाला. "गाडी तिकडून अंगावर येते. मंग डावीकडं."

"उजवं-डावं मला ऐन टायमाला सुधरत न्हाई."

धम्मानंदने डोकं खाजवलं. "तुमचा जेवायचा हात हाय ना? त्या बाजूला आधी बघा. तिकडं मोकळं दिसल्याबिगर पाय टाकू नका."

"जेवायचा हात," म्हातारी मान हलवत म्हणाली.

त्या दिवसापासून रात्री स्वप्नात धम्मानंदला ती पोरगी चाकासमोर दिसायची. फाटा जवळ आला की तो लांबूनच वेग कमी करायचा, थांबायचा आणि खिडकीतून हाताने खूण करायचा, या. म्हातारी मान वळवून बराच वेळ खात्री करायची, मगच निघायची. कंडक्टर जळबा हसून म्हणायचा, "चांगली चेली भेटली रे तुला."

पौषातली ती सकाळ धुक्याची होती. धम्मानंदने बस थांबवली आणि हात केला. दिपा पुढे ओढू लागली, पण म्हातारी हलेना. तिची मान पलीकडे वळलेली. त्याने पुन्हा हात केला. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. इकडचं बघून झालं तर निघा की आता, तो मनाशी चरफडला.

त्याची खूण बघून दिपाने रस्त्यावर पाय टाकला.

म्हातारीने तिला असा हिसका दिला की पोरगी मागे धडपडली. समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकत एक ट्रक चुकीच्या बाजूने घुसला होता. बसच्या नाकासमोर वळण घेत तो निघून गेला. दिपाची एक चप्पल रस्त्यावरच राहिली होती. ती आता चपटी झाली होती.

धम्मानंदचा हात अजून खिडकीबाहेरच होता.

"तुझ्या शिकवणीनं पोरगी वाचली," जळबा म्हणाला.

अनुसयाबाई रडत होती. "तुमी सांगितलं तसंच केलं, बाबा. तुमी बलावून राहिले होते, पर मी जेवायच्या हाताकडं बघितल्याबिगर हलली न्हाई."

दिवसभर धम्मानंद ज्याला त्याला हीच गोष्ट सांगत सुटला.

रविवारी म्हातारीने त्याला तांड्यावर जेवायला बोलावलं. शेजारणीने भाकरी थापून दिल्या होत्या. ताट एकच वाढलेलं.

"तुमीबी बसा, मावशी. मी एकटा न्हाई जेवणार."

परक्या माणसासमोर ती जेवत नसे. बरेच आढेवेढे घेऊन शेवटी बसली. दिपाने आजीच्या हातावर पाणी घातलं. तेवढ्यात खांद्यावरची ओढणी घसरली. उजवा हात मनगटापाशीच संपला होता.

अनुसयाबाईने डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला.