कपासकट

एक अंडं बुडबुड्यांच्या घरट्यातून निसटलं. खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरं. ते तळाला टेकायच्या आत निळा फायटर मासा खाली झेपावला, त्याने ते तोंडात धरलं आणि वर नेऊन घरट्यात पुन्हा चिकटवलं. तोवर दुसरं सुटलं होतं. तो परत खाली गेला.

"याला दुसरा उद्योग नाही का?" मुलाने विचारलं. तो टाकीसमोर उकिडवा बसला होता. "आणि मादी कुठेय?"

"त्या बरणीत. अंडी घालून झाली की तिला काढावं लागतं. नाहीतर हा तिचे पर शिल्लक ठेवत नाही."

"म्हणजे बाळंतपण हिचं आणि तोरा याचा."

"राबतो तरी. तुझ्या बाबांनी कधी दुपटं बदललं नाही."

दोघं हसली. मग मुलाने दाराशी ठेवलेल्या सामानाकडे पाहिलं, आणि आईने टाकीकडे.

तो तिला न्यायला आला होता. आपल्या घरी, कायमचं. याआधीही आला होता. दर वेळी ती म्हणायची, "एवढी पिल्लं पोहायला लागू देत, मग येते." पिल्लं पोहायला लागत, वाढत, मत्स्यालयाचा दुकानदार येऊन घेऊन जाई. तोवर तिने नवी जोडी लावलेली असे.

या वेळी मुलाने सोबत जाड थर्माकोलचा खोका आणला होता. त्याने झाकण उघडून दाखवलं.

"यात याच टाकीतलं पाणी भरायचं. घरटं कपासकट उचलायचं, नराला सोबत घ्यायचं आणि झाकण घट्ट लावायचं, वरची हवा गार व्हायला नको. घरी टाकी भरून ठेवलीय. तुझी सून सकाळ-संध्याकाळ तापमान बघतेय."

टाकीत थर्माकोलचा उभा चिरलेला कप पालथा तरंगत होता. त्याच्या छपराखाली घरटं होतं. कप उचलला की घरटंही उचललं जाणार, हे खरं होतं.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"तूच. फोनवर दुसरं बोलतेस काय?"

तिचं आयुष्य प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या प्रयोगांच्या मांडणीतल्या चुका काढण्यात गेलं होतं. तिने खोक्याची रुंदी नजरेने मोजली. भिंतींची जाडी बोटांनी चाचपली. प्रवास किती वेळाचा, ते मनात धरलं. चूक सापडेना.

एक वाक्य मात्र तयार होतं: हलवाहलव झाली की नर कधीकधी अंडी खाऊन टाकतो. ते खोटं नव्हतं. मुलाने ते मानलं असतं, खोका गाडीत टाकला असता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला असता.

त्याने बाह्या वर केल्या. "उचलू?"

"हात धुऊन घे. साबण नको, नुसतं पाणी."

तो हात धुऊन आला. तिने खोक्यात पाणी भरून ठेवलं होतं.

"तुझी तयारी चोख आहे," ती म्हणाली. "पिल्लं तिथेही जगतील. तूच वाढव, अडलं तर फोन कर."

"मी कशाला? तू असशील की."

"नाही. पिल्लांचं मी निमित्त करत होते. मला हे घर सोडायचं नाहीये. मी येणार नाही, बाळा. आज नाही आणि नंतरही नाही."