आगकाडीएवढा फरक

“बसा, आणि आता श्वाससुद्धा जपून घ्या,” पुढच्या चाकाजवळ पालथी पडलेल्या लेकीनं बजावलं.

बाबा स्टिअरिंगमागे ऐटीत बसले. बाप-लेकीनं घरच्या गॅरेजात एकेक नळी वेल्ड करून उभी केलेली ही स्पोर्ट्स कार रविवारी पहिल्यांदा शर्यतीत उतरायची होती. पुढची चाकं किती कललीत, किती आत वळलीत, ते आज शेवटचं तपासायचं होतं. त्यासाठी चालवणारा सीटवर हवाच. त्याच्या वजनानं गाडी किती दबते, त्यावर चाकांचा कोन ठरतो. सहा महिन्यांपूर्वी बाबांना असंच सीटवर बसवून हे सगळं तिनंच लावलं होतं, आणि स्वतःच्या हातावर तिचा पुरेपूर भरवसा होता.

डावं चाक बरोबर निघालं. उजवं नाही. बाबांच्या बाजूला गाडी आगकाडीच्या जाडीएवढी वर उचललेली होती आणि चाक हवं त्यापेक्षा ताठ उभं होतं.

तिनं बॉनेट दोनदा दाबून सोडलं. पुन्हा मोजलं. तेच. टायरमधली हवा पाहिली, चाकांखालच्या पाट्या समतल आहेत ना, ते लेव्हल ठेवून पाहिलं. पेट्रोलची टाकी तर तिनं स्वतः भरली होती.

“स्प्रिंग बसली असेल,” बाबा म्हणाले.

“बसली तर गाडी खाली जाईल ना? ही वर आलीय.”

“मग तुझंच काहीतरी चुकलं असेल, उस्ताद.”

“माझं चुकलेलं नाही.”

“पोर कुणाची!” बाबा खूश होऊन हसले.

ती उठून दाराशी आली, आणि तिला सीटबेल्ट दिसला. पट्टा पार शेवटपर्यंत आवळलेला होता. उरलेलं वीतभर टोक बाबांनी नीट घडी घालून मांडीखाली दडपलं होतं.

“वजन किती उतरलंय?”

“कुणाचं?”

“गाडीत तुमच्याशिवाय कोण बसलंय, बाबा?”

बाबांनी पट्ट्याचं टोक मांडीखाली आणखी आत सारलं. “असेल आठ-दहा किलो. भूकच लागत नाही हल्ली. आईजवळ बोलू नकोस, ती घर डोक्यावर घेईल. एवढी शर्यत होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला.”

“आणि तोवर?”

“तोवर काय? आत्ताच्या वजनावर लाव की! तुला किती वेळ लागणार आहे?”

वेळ लागणारच नव्हता. पाना हातातच होता. नट सैल करायचा, दोन आटे फिरवायचे, की चाक मुकाट्यानं हव्या त्या कोनात आलं असतं. रविवारी गाडी वळणावर रुळावर असल्यासारखी गेली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. तिला फार वाटलं, की फिरवून टाकावं. या दिवसासाठी बाबांनी किती वर्षं वाट पाहिली होती, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बाबांची कॉलरही किती सैल झाली होती, ते आता तिला दिसत होतं, आणि एकदा दिसल्यावर डोळ्यांआड करता येईना.

ती खाली वाकली. नटाला पाना लावला.

“शाब्बास,” बाबा म्हणाले.

तिनं नट फिरवला नाही. होता तिथेच आणखी आवळला, अंगातलं सगळं बळ लावून. मग उठली, हात पुसले आणि दार उघडून उभी राहिली.

“ही गाडी मी माझ्या बाबांच्या वजनावर लावलीय,” ती म्हणाली. “ते परत आले की चालवतील. तुम्ही उतरा, आपल्याला डॉक्टरकडे जायचंय.”