पेटीतलं उत्तर

दवाखान्याच्या संगणकाला जोडलेल्या नव्या पोलादी पेटीत सकाळीच एक गुप्त किल्ली जन्माला आली. किल्ली म्हणजे एक अगडबंब आकडा. तो पेटीनेच रचला होता आणि पेटीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हता. सगळ्या रुग्णांची माहिती आता त्याच किल्लीने कुलूपबंद होणार होती. पेटी सांभाळणाऱ्या ताई भलत्याच खुशीत होत्या.

“चाचणीसाठी लिहा काहीतरी,” त्यांचे सहकारी दादा म्हणाले.

ताईंनी गमतीने लिहिलं, “आत कोणी आहे का?” पेटीने ती ओळ कुलूपबंद केली. मग ताईंनी ती उघडायला सांगितली. पडद्यावर त्यांची ओळ आली आणि तिच्याखाली आणखी एक, “आहे की!”

दोघं पोट धरून हसले. “दादा, हा तुमचाच चावटपणा!”

“गळ्याशपथ नाही! त्या किल्लीशिवाय हे लिहिता येईल का कुणाला? आणि किल्ली तर आतच आहे.”

ताईंनी नेटची वायर उपटली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. आता मात्र हसू ओसरलं. किल्लीवर संशय आला की ती नष्ट करायची, असा नियमच होता. नशीब, अजून एकाही रुग्णाची माहिती तिच्यात अडकली नव्हती. ताईंनी मनाचा हिय्या करून बटण दाबलं.

‘किल्ली नष्ट झाली,’ पेटीने कळवलं.

“सुटले बाई एकदाची!” म्हणत ताईंनी चहा मागवला. दादांच्या कोट्याही पुन्हा सुरू झाल्या.

तेवढ्यात पडदा आपोआप उजळला. “आभारी आहे, ताई. आत फार कोंदट होतं हो.”

आणि ताईंच्या मागची रिकामी खुर्ची, कोणीतरी ऐसपैस टेकावं तशी, कुरकुरली.